आज्जांनी सांगितलेला अर्थ

माझ्या वडलांनी जवळजवळ आयुष्यभर एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला आणि त्या चुकीच्या अर्थावर एक अख्खा संसार उभा केला. संसार काही वाईट नव्हता. मी त्यातच वाढले, शिकले, मास्तरीण झाले आणि लग्न होऊन कळंब्याला गेले. पण तो अर्थ चुकीचा आहे हे त्यांना उतारवयात कळलं, तेही मशिदीत, चारचौघांसमोर. त्यानंतरचे दिवस आमच्या घरावर फार जड गेले.

आम्ही पिंजारी. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत आमचं गाद्यांचं दुकान आणि त्याच्या मागं घर. पुढं कापूस, मागं माणसं आणि मध्ये एक पडदा. तो पडदा कापसाला कधीच अडवू शकला नाही. आमच्या आमटीतसुद्धा तंतू सापडायचा. घरात बोलायला मराठी, नमाजेला अरबी आणि भांडायला दखनी, अशी भाषांची वाटणी होती. वडलांना अब्बा म्हणायचं आणि आईला आई. शाळेतल्या मैत्रिणींना याचं नवल वाटायचं, आम्हाला कधी वाटलं नाही.

अब्बांचे वडील, आमचे आज्जा, आजऱ्याकडचे. कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून ते आजरा, नेसरी आणि मधली सगळी खेडी पायी फिरायचे. तारेचा टणटण आवाज आला की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. सुगीनंतर आणि लग्नसराईत हाताला काम असायचं. पावसाळ्यात काही नाही. दमट हवेत कापूस मोकळा होत नाही, त्याचे गोळे होतात. आणि आजऱ्याचा पाऊस एकदा लागला की उघडायचं नाव घेत नाही. म्हणजे धनुकली खुंटीला आणि चूल अर्धी.

अशाच एका पावसाळ्यात आज्जा अब्बांना किताब, म्हणजे कुराण, वाचायला शिकवत होते. आमच्याकडं पोराला अक्षरं लावून वाचायला शिकवतात. अर्थ शिकवत नाहीत, कारण शिकवणाऱ्यालाही तो बहुधा ठाऊक नसतो. किताबाच्या सुरुवातीलाच एक जागा आहे. जे डोळ्यांनी न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवतात, नमाज राखतात, हातातलं दुसऱ्याला देतात, अशा माणसांबद्दल तिथं सांगितलंय की परमेश्वरानं दाखवलेल्या वाटेवर असलेले ते हेच, आणि हेच ते 'मुफलिहून'. अब्बांच्या पोटात त्या दिवशी बहुतेक काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "आपुन एवढी नमाज पढतोय, मग आपल्याकडंच का न्हाय काय?" आज्जांनी बोट त्या शब्दावर ठेवलं. "हे वाच. मुफलिहून. म्हंजे मुफलिस. जी माणसं त्येच्या वाटंवर असत्यात ती मुफलिसच असायची. त्येनंच लिवून ठेवलंय."

मुफलिस म्हणजे कंगाल, हे आमच्या बोलीत लहान पोरालाही कळतं. अब्बांचं समाधान झालं, आणि ते पुढं सगळा जन्म टिकलं. गरिबी ही त्यांच्या लेखी मागं पडल्याची खूण राहिली नाही, आपण वाटेवर असल्याची खूण झाली. मी त्यांना ती जागा वाचताना कितीदा तरी बघितलंय. त्या शब्दापाशी आले की ते किंचित थांबायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपलं नाव यादीत निघाल्यासारखी एक खुशी यायची.

घरात तो शब्द मुरला होता. तेल संपलं की आई बाटली उलटी धरून म्हणायची, "झालो बघा मुफलिहून." शाळेच्या सहलीला मला जाता आलं नाही तेव्हा अब्बांनी मला जवळ बसवून हीच ओळ समजावली होती. मी रडायची थांबले. वर्गातल्या न जाणाऱ्या मुलींत अल्लानं मला स्वतः निवडून बसवलंय असं मला वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मी जरा तोऱ्यातच शाळेत गेले.

पुढं मी मराठी शिकवायला लागले. ऱ्हस्व 'दिन' म्हणजे दिवस आणि दीर्घ 'दीन' म्हणजे गरीब, केविलवाणा, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते. घरी आलं की दीन म्हणजे धर्म. आमच्या माणसाच्या जिभेवर धर्म आणि गरीब यांना जिथं एकच शब्द, तिथं आज्जांचा अर्थ मला कशाला खटकणार? किताबाचा मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, माझ्या कपाटात होता, कुठल्याशा कार्यक्रमात भेट मिळालेला. तो उघडून अब्बांची परीक्षा घ्यावी असं कधी मनातही आलं नाही.

मी नोकरीला लागले त्या सुमाराची एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. फोमच्या गाद्या आल्या होत्या आणि पिंजाऱ्यांचे दिवस फिरले होते. अब्बांचा एक चुलतभाऊ हिशेबी माणूस. त्यानं हवा ओळखली, मोठ्या रस्त्यावर जागा बघितली आणि अब्बांना भागीत ये म्हणाला. तो चांगुलपणानंच आला होता. फोम त्यानं आणायचा, गिऱ्हाईक अब्बांनी सांभाळायचं. पेठेतली निम्मी घरं अब्बांच्या गाद्यांवर झोपत होती, गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. अब्बांनी चहा पाजला आणि नको म्हणाले. "आपलं हाय ते बरं हाय. आपुन मुफलिहून माणसं. जास्तीचं आलं की वाट चुकती."

आई त्या वेळी आठवडाभर अब्बांशी बोलली नाही. भाकरी मात्र इतक्या जोरानं थापायची की पुढं दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकानं विचारावं, आत बांधकाम काढलंय का. मग हळूहळू तेही निवलं. चुलतभावाची एकाची दोन दुकानं झाली, तो हजला जाऊन आला, त्याच्या सुना गाडी चालवायला शिकल्या. आमच्या घरी आई चुलीवरून गॅसवर आली, तेवढाच काय तो बदल. अब्बांना चुलतभावाचा हेवा वाटला असं मी एकदाही बघितलं नाही. त्यांना उलट त्याची काळजी वाटायची.

आता मूळ गोष्ट. अलीकडं आमच्या मशिदीतले जुने मौलाना थकून गावी गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण मौलाना आले. इकडचेच, पण शिकायला बाहेर राहिलेले. त्यांनी दुपारच्या नमाजेनंतर रोज थोडा थोडा अर्थ सांगायला सुरुवात केली, आणि तोही मराठीतून. अब्बा खूश झाले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण शाळेत नाव घातल्यासारखा पुढं जाऊन बसायचा. घरी येऊन आईला सांगायचा, "आज लई चांगलं सांगितलं. उद्या आपली जागा यायची."

ती जागा आली. पुढचं मला शेजारच्या शिंपीचाचांनी सांगितलं, ते त्या बैठकीत होते. मौलाना म्हणाले, मुफलिहून म्हणजे कामयाब, यशस्वी. अब्बा मधेच बोलले, "मुफलिस न्हवं?" दोघं-तिघं हसले. मागून एकानं टाकलं, "चाचा, कंगाल करतो म्हटल्यावर येणार कोण हितं?" मग सगळेच हसले. आमच्या कोल्हापूरच्या माणसाला हसू आलं की तो हात राखत नाही. त्यात वाईट हेतू नसतो, पण लागायचं तिथं लागतं. मौलानांनी सगळ्यांना गप्प केलं आणि अदबीनं सांगितलं, "चाचा, 'मुफलि'च्या पुढं 'स' न्हाय, 'ह' हाय. अजानमध्ये ज्या फलाहकडं, म्हंजे कामयाबीकडं, आपण बोलावतो, त्याच घरातला शब्द हाय हा."

अब्बा बैठक संपेपर्यंत बसले. चपला घातल्या, घरी आले. संध्याकाळची अजान झाली तेव्हा ते कापसाच्या ढिगाकडं तोंड करून बसून राहिले. त्यानंतरच्या नमाजेला उठले नाहीत, आणि दुसऱ्या पहाटेलाही नाही. माझ्या आठवणीत ताप, लग्न, मयत, पूर, कशानंही त्यांची नमाज चुकली नव्हती.

आईचा फोन आला. "तुझ्या बापानं नमाज सोडली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "बरं नाही का त्यांना?" ती म्हणाली, "बरं नसतं तर बरं झालं असतं. औषीद दिलं असतं."

मी गेले तेव्हा अब्बा एका जुन्या गादीला टाके घालत बसले होते. वर्षापूर्वी त्यांचं हृदय एकदा कुरकुरलं होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. रमजान तोंडावर आला होता. आईच्या मनात काय चाललंय हे न सांगताही कळत होतं: हा माणूस असा रुसलेलाच गेला तर? मी शेजारी बसले आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काय न्हाय," अब्बा म्हणाले, "अर्थ कळला."

"मग?"

"मग काय, सरळ हाय की. त्येच्या वाटंवर असत्यात ती कामयाब. मी कामयाब न्हाय. म्हंजे मी वाटंवर न्हवतो. तू मास्तरीण हायस, कुटं चुकतंय सांग."

मी सांगितलं. यश म्हणजे काही पैसा नव्हे, तुम्ही कुणाचं वाईट केलं नाही, मला शिकवलंत, पेठेत तुमच्या शब्दाला मान आहे. बोलता बोलता माझा आवाज मलाच वर्गातल्यासारखा ऐकू यायला लागला. अब्बांनी सुई थांबवली नाही. "हे तू नापास झालेल्या पोरास्नी सांगत असशील. मला नगं सांगू."

टाका ओढून अब्बाच पुढं बोलले. "पाच टायमाला अल्ला हाळी देत हुता, या म्हणून, कामयाबीकडं या. गेलतो की मी. ऊन म्हटलं न्हाय, पाऊस म्हटलं न्हाय. मग मला का न्हाय गावली ती? एक तर त्यो खोटं बोलतोय, न्हाय तर मी त्येच्यात न्हाय. त्यो खोटं बोलायचा न्हाय."

खरं सांगायचं तर मला संताप आला. अब्बांचा नाही, हसणाऱ्यांचाही नाही. त्या एका अक्षराचा. इतकी वर्षं एक माणूस त्या शब्दाला टेकून बसला होता, आणि त्याला उठवायची आत्ताच काय गरज होती? मी काही फार धार्मिक बाई नाही. जमेल तेव्हा नमाज, जमेल तेवढे रोजे. पण अब्बा आहेत म्हणून आमच्या घराचं वर कुणाशी तरी बोलणं चालू आहे, असं मी कायम धरून चालले होते. आता तेच बंद पडलं होतं आणि मला भीती वाटत होती.

आईनं तिच्या परीनं सगळं केलं. नमाजेची चटई, जानमाज, पसरून ठेवली, नमाजेआधी हातपाय धुवायला वजूचं पाणी कोमट करून ठेवलं, शेवटी भांडली. "अल्लाशी कोण कट्टी धरतंय व्हय? ल्हान हायसा का?" अब्बा तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. हे मला खटकत होतं. माझ्याशी बोलायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, आई समोर आली की मान खाली. मी आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुला तरी ठाऊक होता का गं खरा अर्थ?" ती भाकरी थापत होती. "तवा तापलाय, सर बाजूला," म्हणाली.

शेवटी मी मौलानांकडं गेले. रागातच गेले. मशिदीला लागून एक खोली, तिथं ते राहतात. दोरीवर स्वतःचे कपडे वाळत घालत होते. जवळून बघितल्यावर कळलं की फारच तरुण आहेत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी शोभले असते. मी म्हटलं, "तुम्ही शब्दाचा अर्थ सांगितलात, ठीक केलंत. पण तो कुणाला लागला हे बघायला घरी यायचं होतं की नाही?" आणि सगळं सांगितलं. आज्जा, आजऱ्याचा पाऊस, मुफलिस, सगळं. त्यांच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला. "मला वाटलं चाचा आजारी हायत," ते म्हणाले. "ताई, मला खरंच म्हायत न्हवतं." मग मलाच त्यांची दया आली.

त्याच दिवशी संध्याकाळच्या थोडं आधी ते दुकानात आले. मी पडद्याजवळ होते, आई आत. अब्बांनी त्यांना बसायला नवी उशी दिली. नमाज सोडली तरी रीत सोडली नव्हती. मौलानांनी आधी त्यांचं शिकलेलं सांगितलं: ही कामयाबी या दुनियेतली नाही चाचा, ती पुढच्या दुनियेतली आहे. इथं हातात काही नसलं तरी तिथं मिळतं.

अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मौलाना, वाट तर हितलीच की. हितं जो वाटंवर हुता त्येलाच तितं मिळायचं. आन मी वाटंवर हुतो हे मी कशावरनं धरलंतं? तर मुफलिस हाय म्हणून. ती खूणच खोटी निघाली. आता माझ्याकडं दुसरी खूण न्हाय."

मौलानांनी उशीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग बोलले ते मौलानांसारखं नव्हतंच. "चाचा, मी बारावीत नापास झालतो. दोनदा. मग घरच्यांनी दीनच्या शिक्षणाला घातलं. मी ही ओळ लोकांच्या पुढं उभारून वाचतो. मला जर कुणी इचारलं, तू हायस का त्यात, तर मला उत्तर द्यायला यायचं न्हाय. माझी पाठ तुमच्याकडं असती म्हणून तुमाला माझं तोंड दिसत न्हाय."

अब्बांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग पुढं कशाला उभारतासा?"

"वाट दाखव म्हणून मागायला. नमाजेच्या प्रत्येक रकातीत तेच मागतोय की आपण. ज्याला वाट गावली त्यानं परत परत कशाला मागायची?"

मला वाटलं आता अब्बा उठतील. पण त्यांनी मौलानांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमी चांगलं मानूस हायसा. जावा, तुमची येळ हुईल." मौलाना उठले. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. परीक्षेत पेपर अवघड गेलेल्या पोरासारखे पायरी उतरले.

आई चहाची कपबशी घेऊन पडद्यातून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. चहा तिनं अब्बांच्या पुढ्यात ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा अब्बा तिच्याशी बोलले. तिच्याकडं न बघताच.

"अल्लाचं आन माझं काय असंल ते मी बघून घीन. वर गेल्यावर इचारीन त्येला. पन तुझं काय? दुकान दारात आलतं. मी न्हाय म्हटलं. तुझी हाडं झिजली ह्या घरात. चुलीचा धूर, कापसाचा धुरळा, तुझा त्यो खोकला. आन हे सगळं कशापायी? एका अक्षरापायी. ते अक्षर बी चुकीचं. नमाजेला उभारलो की अल्लाच्या आदी तूच दिसतीस मला. कसा उभारू?"

तेव्हा मला कळलं की मी आणि मौलाना दोघंही भलत्याच कुलपाला किल्ली लावत होतो. अब्बा अल्लावर रुसलेच नव्हते. त्यांना आईचा चेहरा झेपत नव्हता.

आई खाली बसली. चहा निवत होता. ती म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय?"

"मुफलिहून म्हंजे काय ते. बायकांच्या बैठकीत एकदा सांगितलंतं. ही कालेजात हुती तवा." हे म्हणताना तिनं माझ्याकडं हात केला.

अब्बांना हिशेब लावायला वेळ लागला. "म्हंजे दुकानाची गोष्ट निघाली त्येच्या आदी?"

"आदी."

"आन बोलली न्हाईस? आठवडाभर भाकरी आपटत हुतीस. तेवढा एक शबूद टाकला असतास तर मी गेलो असतो की भागीत."

"म्हायत हाय मला," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "जिभंवर आलंतं. दुकान मलाबी पायजे हुतं, खोटं कशाला बोलू. लई पायजे हुतं. पन ते तुमच्या बापानं सांगितलंतं. पावसात, घरात दाणा न्हाय आन पोरगं उपाशी, तवा सांगितलंतं. मेलेल्या मानसाला खोटं पाडून मी गल्ल्यावर बसू व्हय? आन ती ओळ वाचताना तुमचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलंवतं. ते मोडून दुकान घ्यायचं मला जमलं न्हाय. म्हणून भाकरी आपटली. दुसरं काय करणार?"

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी आईकडं बघत होते आणि मला तिची ओळख नव्यानं करून घ्यावी लागत होती. आम्ही सगळे अब्बांच्या चुकीवर जगलो होतो. ती एकटी ते जाणून जगली होती.

संध्याकाळची अजान सुरू झाली. अब्बा संपेपर्यंत ऐकत बसले, मग गुडघ्यांवर हात रोवून उठले. मोरीत जाऊन वजू करून आले. खुंटीवरची टोपी काढून झटकली, तिच्यावर कापसाचे तंतू बसले होते. दारात जाऊन थांबले, आणि आईकडं नीट बघून म्हणाले, "त्या मौलानाला त्येचं ठावं न्हाय. मला माझं ठावं न्हाय. पन तुझं कळलं मला आज. तू हायस त्यात."

"बरं बरं," आई म्हणाली. "जावा आता. पयली रकात चुकंल."

ते गेले. दुकानातून मशिदीपर्यंतची गल्ली सरळ आहे, शेवटपर्यंत त्यांची पाठ दिसते. आई उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. ते आत गेल्यावर ती तिथंच, पिंजलेल्या कापसाजवळ खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. आई रडते हे मी त्याआधी फक्त मयतीत बघितलं होतं. मी जवळ गेले, म्हटलं, "आता का रडतेस? गेले ना ते?"

"ते जातील हे मला ठावं हुतं," ती म्हणाली. "म्या अल्लाचा शबूद झाकून ठेवला गं. नवऱ्यापासनं, इतकी वर्सं. एवढं मोठं पाप केल्यालं, म्हणून मी त्यात न्हाय असंच धरून चाललेली. नमाज कधी सोडली न्हाय. पन त्या ओळीपाशी आले की डोळं मिटून पुढं जात हुते."